डोणीतला समुद्र

गुलीचे ओठ जांभळासारखे झाले होते. नखंसुद्धा. खळ्यातल्या बाजेवर तिला निजवलं होतं, ओकारी गालावरून मानेपर्यंत आली होती आणि छाती भात्यासारखी वरखाली होत होती. मी शेतातून धावत आले तेव्हा बाजेभोवती बायका गोळा झाल्या होत्या. माझे मोठे काका, त्यांना आम्ही आबा म्हणत असू, त्या बायकांच्या मागे गुरांना पाणी पाजायच्या दगडी डोणीपाशी वाकले होते. डोणीच्या बुडाला एक भोक असतं आणि त्यात चिंध्यांचा बोळा कोंबलेला असतो. आबांनी तो बोळा उपसून काढला. डोणीभर पाणी खळ्याच्या उतारावरून उकिरड्याकडे निघून गेलं. मग ते बाजेजवळ आले आणि गुलीच्या बापाला म्हणाले, “पान लागनं तिले. कपाशीमा जनावर व्हतं. गाडी जुपी दे, भगतकडे लई जाय.”

पान लागणं म्हणजे साप चावणं. आमच्याकडे सापाचं नाव कुणी घेत नाही. गुलीचा बाप वेस्ता आमचा सालदार होता, सातपुड्यातून खाली आलेला पावरा आदिवासी. मालकाने सांगितलं की बैल जुंपायचे, वर्षभराचा करार तसाच असतो. तो गाडीकडे वळला. मी गुलीचे पाय पाहिले, हात पाहिले, मान पाहिली. कुठे दाताची खूण नव्हती, सूज नव्हती. आणि मला एकच गोष्ट कळेना. पोरीला साप चावला असेल, तर डोणी कशाला रिकामी करायची?

हे लिहायला बसले तेव्हा माझा मुलगा म्हणाला, चौथी शिकलेल्या बाईने पुस्तकासाठी काय लिहायचं. मी म्हटलं, चौथीपर्यंत सगळी अक्षरं शिकवून होतात. पुढच्या वर्गांत नवीन अक्षर एकही नाही.

आमचं घर ब्राह्मणपुरीच्या अलीकडे, नदीच्या बाजूला. गुजरांचं घर, तीन भावांचं, एकाच छपराखाली तीन चुली. पहाटे तिन्ही चुलींवर कळण्याच्या, म्हणजे उडीद मिसळलेल्या ज्वारीच्या, भाकरी थापल्या जात आणि तीन परातींचा आवाज एकमेकांत मिसळून जाई. माझी माय झपाझपा थापायची, धाकटी काकू रडतखडत, आणि आबांची बायको, म्हणजे मोठी माय, अशी थापायची की परातीचा काहीतरी गुन्हा आहे. बाहेर विहिरीवरचं इंजिन सुरू झालं की तेच दिवसभर ऐकायचं. थंडीत गुऱ्हाळ लागे, मग रसाचा वास अंथरुणापर्यंत येई आणि भाकरीबरोबर काकवी मिळे. कापूस, केळी, ऊस, सगळं होतं. खायला कमी नव्हतं. मुलींना बोलायला जागा मात्र कमी होती. हे मी आज तक्रार म्हणून सांगत नाही. तेव्हाही तक्रार केली नव्हती, सरळ भांडले होते.

पाचवीची शाळा दुसऱ्या गावात होती, म्हणून चौथीनंतर माझी शाळा सुटली. मला काम मिळालं पोरं सांभाळायचं. कापूस वेचणीच्या दिवसांत घरच्या आणि सालदारांच्या बायका सकाळीच शेतात जात. मागे राहणारी लहान पोरं माझ्याकडे, खळ्यात. त्यात आबांची धाकटी मुलगी कमू, माझा रांगता भाऊ, आणि वेस्ताची गुली, शिवाय पावऱ्यांच्या झोपड्यांतली आणखी काही शेंबडी मंडळी. आमची पोरं अहिराणी बोलायची, ती पावरी बोलायची, आणि मला चौदाव्या वर्षी एवढ्यांना दिवसभर विहिरीपासून लांब ठेवायचं होतं. गोष्टी सांगून झाल्या, दगड मोजून झाले. मग पुस्तक मिळालं.

ते पुस्तक मी वाण्याकडून घेतलं. वाणी रद्दीच्या कागदात मिरच्या, चहा, गूळ बांधून द्यायचा. एके दिवशी त्याने एक चित्रांचं पुस्तक फाडायला घेतलं होतं आणि वरच्या पानावर एक प्राणी होता, त्याला कमरेखाली पायच पाय. मी म्हटलं, काका, हे मला द्या, मी तुम्हाला घरून वहीचे जुने कागद आणून देते. त्याने दिलं. पुठ्ठा गेला होता, सुरुवातीची पानं गेली होती, त्या पायवाल्या प्राण्याचं पान उभं अर्धं फाटलेलं होतं. पुस्तकाचं नाव मला आजही माहीत नाही. आत सगळा समुद्र होता. देवमासा, कासव, शिंपले, तारामासा, सापासारखा मासा, दिव्यासारखा उजळणारा मासा. आमच्या घरात कुणी समुद्र पाहिला नव्हता. तापीचं पाणी सुरतेला जाऊन त्यात पडतं एवढं सगळ्यांना माहीत होतं, जशी सासरी गेलेल्या मुलीची खबर माहीत असते.

पुस्तक घरात आणता येत नव्हतं. आमच्याकडे मासळी चालत नाही, अंडं चालत नाही. शेजारच्या गावाहून सुकटाची टोपली डोक्यावर घेऊन बाई जायची तेव्हा मोठी माय दाराला कडी लावायची. तिने पुस्तकातलं पहिलंच चित्र पाहिलं आणि म्हणाली, “जशी, हाई मरेल जनावर घरमा आनशी तर तुन्हं ताट बाहेर मांडसू.” माझं नाव जसोदा, पण घरात जशीच. मी म्हटलं, “मोठी माय, कागद शे, वास येत नही.” ती म्हणाली, “तुले येत नही. मले येस.” म्हणून पुस्तक कडब्याच्या गंजीत राहायचं.

पावऱ्यांच्या पोरांची अडचण उलटी होती. प्रत्येक प्राणी दाखवला की त्यांचा पहिला प्रश्न, खातात का? नदीत हाताने मासे धरणारी पोरं ती. मी आधी चिडायचे. नंतर म्हटलं, बरं, तेच लिहा. कासव. खातात. तारामासा. माहीत नाही. देवमासा. मोठा आहे, पूर्ण गाव खाईल. अशी त्यांची पहिली वाक्यं झाली. आमची कमू ही वाक्यं लिहिताना एका हाताने नाक धरायची.

पाटी सगळ्यांना कुठून आणायची? केळी होती. केळीची खालची पानं छाटून बांधावर टाकतातच. त्या पानावर बाभळीच्या काट्याने अक्षर ओढलं की आधी काहीच दिसत नाही, नुसता ओला ओरखडा. थोडा वेळ थांबलं की तो तपकिरी होतो, मग काळा. पोरांना हेच आवडायचं. लिहायचं, पान उन्हात ठेवायचं आणि आपण लिहिलेलं वर येण्याची वाट बघत बसायचं. चूक असेल तर तीही वर यायची आणि पुसता यायची नाही. म्हणून काटा टेकवण्याआधी पोरं विचार करायची. आज माझ्या नातीच्या शाळेत भिंतीवर पडदा आहे, चुकलं की बोटाने पुसतात. चांगलं आहे. पण नात लिहिण्याआधी विचार करत नाही, हे मी तिच्या मास्तरांना सांगून आले आहे.

अर्ध्या पानावरच्या प्राण्याला पोरांनी अर्ध्या असं नाव ठेवलं. त्याचं नाव फाटलेल्या भागात होतं आणि त्या कागदात वाण्याने कुणाला तरी गूळ बांधून दिला होता. दिसत होते तेवढे पाय मोजून झाले. पलीकडे किती असतील, यावर रोज भांडण. कमू म्हणायची, इकडे जेवढे तेवढेच तिकडे, माणसासारखे. गुली म्हणायची, तिकडे नसतीलही, लंगडा असेल. तिचा आजा लंगडा होता. मग मी एक नियम केला. पुस्तकात नाही ते तुम्ही लिहायचं, पण करून बघून लिहायचं, उगाच नाही. शिंपला कसा असतो ते नदीवरच्या शिंपल्यावरून लिहा. मऊ अंगाचा पारदर्शक प्राणी कसा लागेल ते ताडफळाच्या गऱ्यावरून लिहा. पोरं लिहायची तेव्हा ‘आहे’ न लिहिता ‘शे’ लिहायची. मी खोडलं नाही. पावऱ्यांच्या पोरांना दोन्ही सारखेच परके होते.

माझ्या नातीने गेल्या वर्षी मोबाईलवर अर्ध्या दाखवला. त्याला आठ पाय आहेत, मी दोनदा मोजले. कमू बरोबर होती. तिला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, आता काय उपयोग.

गुलीबद्दल सांगते, कारण पुढचं तिच्यामुळे. वयाच्या मानाने बारकी, केस तांबूस, गळ्यात काळ्या मण्यांची एक सर. ऐकलं ते करून बघायची. कासव वाचलं की दिवसभर सूप पाठीवर बांधून रांगायची. देवमाशाच्या पानावर लिहिलं होतं की हा मासा समुद्राचं पाणी तोंडभर घेतो, गाळतो आणि उरलेलं बाहेर टाकतो. ती वाटीभर पाणी तोंडात घेऊन सगळ्यांवर उडवायची. शिव्या खायची आणि पुन्हा उडवायची.

त्या दिवशी सकाळी आम्ही समुद्राचं पान वाचलं होतं. समुद्राचं पाणी खारट असतं, आणि त्यातच एवढे जीव राहतात. गुलीने विचारलं, किती खारट? मी म्हटलं, उद्या बघू. दुपारी मला वेचणाऱ्या बायकांच्या भाकरी शेतात पोचवायच्या होत्या, मी टोपलं घेऊन गेले. पोरांनी उद्यापर्यंत थांबायचं नाही असं ठरवलं. त्यांनी डोणीत समुद्र करायला घेतला.

गुरांचं मीठ कोठीत असायचं, आणि कोठीत गोण्यांची रांग होती. आता जी गोष्ट सांगते ती आमच्या भागातल्या कुणालाही समजेल. खताची गोणी रिकामी झाली की आम्ही ती फेकत नाही. धुतो, वाळवतो, आणि तिच्यात सगळं भरतो. गहू, तूर, मीठ, सरकी. तिची अंथरुणं होतात, पावसात डोक्यावरच्या खोळी होतात, न्हाणीचे पडदे होतात. आमच्या घरात जिकडे तिकडे तीच छापील अक्षरं दिसायची. गव्हावर तीच, मिठावर तीच. म्हणून ती अक्षरं कुणी वाचत नव्हतं. सगळीकडे एकच लिहिलेलं असेल तर वाचायचं कशाला? पोरांनी मिठाची म्हणून एक गोणी उघडली. पांढरे दाणे होते. ओंजळी भरभरून डोणीत टाकले. ती गोणी खताचीच होती आणि तिच्यात खतच होतं. केळीला घालून उरलेलं, आबांनी मिठाशेजारी ठेवलेलं.

बाकीच्यांनी चाटून थुंकलं. गुली देवमासा होती. ती लोटा भरून प्यायली, आणि पुन्हा प्यायली.

हे वाचून कुणी म्हणेल, म्हातारी आता आपली चूक कबूल करणार. मी करणार नाही. तेव्हा सगळ्या गावाने माझ्याकडून ती मागितली, मी दिली नाही. पोरांनी समुद्र केला हे बरोबरच केलं. विष मिठाशेजारी मी ठेवलं नव्हतं.

आता त्या बाजेपाशी परत येते. वेस्ता बैल जुंपत होता. गुलीची आई थावरी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि पावरीत हळूहळू काहीतरी म्हणत होती. कमू खांबाआड उभी होती. तिच्या हातात केळीचं पान होतं. मी ते ओढून घेतलं. तिने नियम पाळला होता, बघितलं ते लिहिलं होतं. अक्षरं नुकती काळी पडली होती. समुद्र गार शे.

भर दुपारी, उन्हात ठेवलेल्या दगडी डोणीतलं पाणी गार कसं होईल? मी डोणीत हात घातला. पाणी गेलं होतं, बुडाशी थोडा गाळ होता, आणि तो विहिरीच्या तळासारखा थंड होता. मी कोठीत गेले. उघडी गोणी बाहेर ओढली, सगळ्यांसमोर. तिच्यावर हिंदीत लिहिलं होतं, नाइट्रेट. तो शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा वाचत होते. अर्थ माहीत नव्हता, पण देवमासाही मी कुठे पाहिला होता.

मी म्हटलं, “आबा, हाई मीठ नही. खत शे. गुली खत पिनी.”

आबा म्हणाले, “बठ्ठा गोण्यासवर तेच लिखेल शे. आपला गहू बी त्याच गोणीमा शे. तू मन्हाच घरमा वकील व्हयनी का?”

मी दोन दाणे उचलून जिभेवर ठेवले. जीभ गार पडली, मग कडू झाली. मी थुंकले आणि म्हटलं, “गहू जिभले गार लागत नही.”

त्यांनी मला थोबाडीत मारली. मोठी नव्हती, त्यांच्या हाताला मोठ्या थोबाडीतही यायच्या. ही घाईतली होती, आणि त्यावरून मला कळलं की त्यांना सगळं ठाऊक आहे. आदल्या उन्हाळ्यात गावातल्या एकाचे दोन बैल खत कालवलेलं पाणी पिऊन मेले होते. त्यांचे ओठही असेच झाले होते, सगळ्या गावाने पाहिले होते. त्यावरून पंचायत बसली, भावाभावांत वाटण्या झाल्या. आबांच्या खळ्यात, आबांच्या गोणीने सालदाराची पोर मेली असती, तर पोलीस आले असते, पावऱ्यांची सगळी वस्ती दारात आली असती. सापाचं तसं नाही. साप कुणाचाच नसतो.

मी गाडीत चढून बसले. आबा म्हणाले, उतर. मी उतरले नाही. माझी माय शेतातून धावत आली होती, तीही म्हणाली, जशे, उतर. मी उतरले नाही. वेस्ताने एकदा आबांकडे पाहिलं आणि कासरा ओढला. गाडी गावाबाहेर पडली. पिंपळाच्या अलीकडे रस्ता फुटतो. डावीकडे भगताचं गाव, उजवीकडे डांबरी सडक, तिथून शहाद्याला एसटी मिळते. गुलीचे ओठ आता काळे दिसत होते, तिचे डोळे अर्धवट उघडे होते. मी वेस्ताला म्हटलं, भगताकडे नको, सडकेला घे. बैल थांबवून तो मागे वळला. डावीकडे वळला असता तर मालकाचं ऐकलं असतं. उजवीकडे वळला, तर सालदारी गेली, झोपडी गेली, आणि पुढच्या गावात कोणता मालक ठेवेल तेही सांगता येत नव्हतं. हे त्याला माझ्यापेक्षा जास्त समजत होतं. त्याने मोडक्या अहिराणीत एवढंच विचारलं, “तू पाह्यं का?”

मी म्हटलं, “पाह्यं नही. चाखं.”

त्याने थावरीकडे पाहिलं. थावरीने मान उजवीकडे केली. त्याने बैल वळवले.

एसटी आली ती भरलेली होती. कंडक्टर दारातच म्हणाला, “पोरले काय व्हयनं? उलट्या करी ऱ्हायनी, माले गाडी धोवा लागी.” मी म्हटलं, “मरी गयी तर जास्त धोवा लागी.” त्याने वाट दिली. त्यानंतर गाडी मधल्या एकाही थांब्यावर थांबली नाही. उतरणारी माणसं ओरडली, मग गुलीकडे बघून परत जागेवर बसली. एका म्हाताऱ्याचा थांबा मागे राहिला, त्याला शहाद्यापर्यंत यावं लागलं, आणि तरी उतरताना त्याने थावरीच्या हातात एक केळं ठेवलं.

शहाद्याच्या दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, शहरी मराठी बोलायचा. त्याने वेस्ताला विचारलं, काय झालं. वेस्ताला मराठी येत नव्हतं. दारातला एक माणूस म्हणाला, साप चावला असेल, या डोंगरातल्या लोकांचं नेहमीचं आहे. मी पुस्तकातली भाषा काढली. जी मी पोरांसमोर मोठ्याने वाचायचे तीच. म्हटलं, “साप नाही. ती खत प्यायली आहे, मीठ समजून. दोन लोटे. गोणीवर नायट्रेट लिहिलेलं आहे. पाण्यात टाकल्यावर पाणी गार झालं.”

डॉक्टरने मान वर केली. “कोणी वाचलं?”

“मी.”

“किती शिकलीस?”

“चौथी. पण पूर्ण.”

त्याने गुलीच्या हातातून सुईने रक्त काढलं. ते लाल नव्हतं. काकवीसारखं होतं, तसंच दाट आणि तपकिरी. त्याने कंपाउंडरला काहीतरी आणायला सांगितलं. कंपाउंडर बराच वेळ कपाटं उघडत राहिला आणि एक बाटली घेऊन आला. आतलं औषध दौतीतल्या शाईसारखं निळं होतं. ते सुईत भरलेलं पाहून थावरी उठून उभी राहिली. आधीच निळी पडलेली पोर, तिच्या अंगात आणखी निळं घालतात, कुठल्या आईला पटेल? मलाही पटत नव्हतं. डॉक्टर मला म्हणाला, हिला समजावून सांग. मी काय समजावणार? मी म्हटलं, थावरी, हे औषध घेऊन गुली मेली तर मी जबाबदार, आणि न घेता मेली तरी मीच. ती खाली बसली. तिला माझं बोलणं कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. माझा आवाज तिला कळला असेल.

नाकाला नळी लावली, सुई दिली, पोट धुतलं. बाहेरच्या चिंचेवर बगळे येऊन बसायला लागले तेव्हा गुलीचे ओठ आधी राखाडी झाले, मग कसेबसे गुलाबी. तिने डोळे उघडून पाणी मागितलं. वेस्ता भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. डॉक्टर मला म्हणाला, साप म्हणून आणली असती तर मी सापाचंच औषध दिलं असतं. एवढं बोलून तो दुसऱ्या रोग्याकडे गेला. शाबासकी दिली नाही. मला ते आवडलं.

पोर थोड्या वेळाने लघवीला बसली, दवाखान्याच्या मागच्या पायरीवर, आईचा हात धरून. लघवी निळी-हिरवी आली. त्या औषधाने तसं होतं, आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. थावरीच्या तोंडातून किंकाळी येणारच होती. त्याआधी गुलीने खाली वाकून नीट पाहिलं आणि पावरीत काहीतरी म्हटलं. थावरी हसायला लागली. हसता हसता पदर तोंडात कोंबून रडायला लागली. मी विचारलं, काय म्हणाली? वेस्ताने सांगितलं. ती म्हणाली होती, समुद्र माझ्यातून गेला.

घरी परतलो तेव्हा आबांनी पुस्तक शोधून काढलं होतं. गंजीतली जागा मोठ्या मायने सांगितली होती. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्यांनी ते गुऱ्हाळाच्या चुलवणात टाकलं. गुजराच्या घरात मासळी आणली म्हणून हे झालं, असं त्यांनी जाहीर केलं आणि गावाने मान डोलावली. खताबद्दल कुणी बोललं नाही. मला सांगितलं, पोरांना वाचायला बसवलंस तर याद राख. वेस्ताचं साल मोडलं. त्याला नदीपलीकडच्या मालकाने ठेवून घेतलं, कारण तो मालक आबांचा दुष्मन होता. चांगुलपणा नव्हता तो, पण पोट भरलं.

मी काय केलं ते सांगते. वेस्ताची नवी झोपडी नदीकाठी, केळीच्या बागेच्या कडेला होती. मी दुपारच्या भाकरी शेतात पोचवायचे आणि परत येताना वाट वाकडी करून तिथे बसायचे. कमू माझ्या मागे लपतछपत यायची. पुस्तक नव्हतं. म्हणून आम्ही ते पुन्हा लिहायला घेतलं, केळीच्या पानांवर, आठवेल तसं. कासव कुणाला आठवायचं, उजळणारा मासा कुणाला. गुलीने देवमासा लिहिला आणि त्यात एक वाक्य स्वतःचं घातलं. पिऊ नका. केळीचं पान चार दिवसांत सडतं. म्हणून आम्हाला तेच पुस्तक परत परत नव्याने लिहावं लागायचं, आणि प्रत्येक वेळी ते थोडं मोठं व्हायचं. पुठ्ठ्याचं पुस्तक राहिलं असतं, तर पोरांनी ते फक्त वाचलं असतं.

आबांना कळलं. कळणारच होतं, गाव केवढं. एके दिवशी ते बांधावर येऊन उभे राहिले. पोरांनी काटे पानांवरून उचलले. मी उठले नाही. म्हटलं, “मारनं व्हई तर मारा. पन आते मी लिखी ऱ्हायनू.” त्यांनी पानांकडे पाहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं, ही गोष्ट मला त्या क्षणी पहिल्यांदा लक्षात आली. ते निघून गेले. त्या आठवड्यात खताच्या सगळ्या गोण्या कोठीतून इंजिनाच्या खोलीत गेल्या आणि खोलीला कुलूप लागलं. पुढे मी सासरी गेले तेव्हा पाठवणीला तेच गाडी हाकत होते. भांडण मिटलं नव्हतं, आणि मिटवायची मला गरज वाटली नाही. आजही नाही.

सासरी गेल्यावरही ओटीवर पोरं बसवली. सासूने विचारलं, हे काय? मी म्हटलं, समुद्र. तिला वाटलं मला वेड लागलंय, आणि तेवढ्यावर तिने सोडून दिलं.

आता शाळा आहेत, अंगणवाडी आहे, पोरांना चित्रांची पुस्तकं मिळतात. खताच्या गोण्या मात्र अजूनही घराघरात आहेत, गव्हाने भरलेल्या. परवा धाकट्या सुनेने कोठीत एक आणून ठेवली. मी काठी टेकत जाऊन तिच्यावरचं मोठ्याने वाचलं. ती म्हणाली, सासूबाई, धुतलेली आहे, आत तूर आहे. मी तोंड सोडायला लावलं, हात घातला, पाहिलं. तूर होती. मग बांधू दिली.

आबा जाऊन खूप वर्षं झाली. वेस्ता आणि थावरी गेले. कमू शिरपूरला असते, गुडघे दुखतात म्हणून कुरकुरते. गुली धडगावच्या वर डोंगरात असते, सहा नातवंडांची आजी आहे, दात पडलेत, आवाज अजून मोठा आहे. समुद्र तिने पाहिला नाही, मीही नाही. ती जगली.